बॉगल घ्यावं, स्क्रॅबल घ्यावं, की वहीचं पान फाडावं?

घरात कुणाला आपली पाळी येईपर्यंत दम निघत नसेल, तर स्क्रॅबल (अक्षरांच्या सोंगट्या पटावर लावून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ) घेऊ नका. हे आधीच सांगते, कारण दुकानात हात पहिल्यांदा त्याच खोक्याकडे जातो. नाव ओळखीचं, पट देखणा. पण चौघं बसली की एकजण आपल्या सात सोंगट्या पुढेमागे सरकवत बसतो आणि बाकीचे तिघं पंख्याकडे बघतात. आमच्याकडे एक डाव दीड तास चालला, तेवढ्यात धाकटा तीनदा फ्रीज उघडून आला.

खेळ मात्र विचारपूर्वक बेतलेला आहे. १९३०च्या दशकातल्या मंदीत काम सुटलेले अमेरिकी आर्किटेक्ट आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून कुठलं अक्षर किती वेळा येतं ते काढलं आणि त्यावरून सोंगट्या ठरवल्या. म्हणून १०० सोंगट्यांत 'ई' बारा आहेत, 'क्यू' आणि 'झेड' एकेकच आणि त्यांना १० गुण. साती सोंगट्या एका दमात लावल्या तर ५० गुण वरचे. दोघांनीच खेळायचं असेल, एक दहावीतली मुलगी आणि एक इंग्रजी वाचणारे आजोबा अशी जोडी असेल, तर याला तोड नाही. बेरीज-गुणाकारही आपोआप होतो. फक्त ज्याला दोन अक्षरी चमत्कारिक शब्द पाठ आहेत तो कायम जिंकतो, आणि त्यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ त्यालाही सांगता येत नाही.

बॉगलमध्ये पाळीच नाही. इंग्रजी अक्षरांचे १६ फासे, चार बाय चारचं खोकं, तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ. खोकं खडखडवायचं, फासे घरात बसले की सगळ्यांनी एकदमच कागदावर शब्द लिहायचे. अक्षरं आडवी, उभी किंवा तिरकी एकमेकांना चिकटलेली हवीत आणि एका शब्दात तोच फासा दोनदा चालत नाही. शब्द किमान तीन अक्षरी. तीन-चार अक्षरांना एक गुण, आठ किंवा जास्त अक्षरांना थेट ११. वाळू संपली की डाव संपला. कुकरच्या दोन शिट्यांमध्ये एक डाव सहज बसतो. (खडखडाट मात्र भयंकर. फ्लॅटमध्ये राहत असाल तर रात्री दहानंतर फासे टॉवेलवर उलटा.)

बॉगलची खरी खोट दुसरीच आहे. दोघांना सापडलेला शब्द दोघांचाही कापला जातो. आठ वर्षांचं पोर जीव तोडून सहा शब्द लिहितं, ते सगळे बाबांच्या यादीत असतातच, आणि त्याच्या पदरात शून्य. पहिल्याच दिवशी रडारड ठरलेली. आपल्या नाव-गाव-फळ-फूलमध्ये हीच गोष्ट किती समजूतदारपणे सोडवली आहे बघा: एकट्याला सुचलं तर १०, दोघांचं तेच आलं तर पाच-पाच. कुणी रिकाम्या हाताने उठत नाही. आम्ही तोच हिशोब बॉगलला लावला. कापायचं नाही, अर्धे गुण द्यायचे. तेव्हापासून पोरगा स्वतःहून खोकं काढतो.

नाव-गाव-फळ-फूलला खर्च म्हणाल तर एक पान आणि पेन. कितीही माणसं चालतात, व्हिडिओ कॉलवर परदेशातली भाचरंही सामील होतात. पण 'ठ' आला की ठाण्याच्या पुढे गाडी सरकत नाही, आणि चार डावांनंतर 'क'चं कलिंगड, 'अ'चं अननस सगळ्यांचं ठरलेलं असतं. रोज खेळायला ते पुरत नाही.

आणि घरात इंग्रजीपेक्षा मराठीत रमणारं माणूस असेल, तर दोन्ही खोकी अर्ध्या घरालाच उपयोगी. आमच्या सासूबाई पहिल्या दिवशी पाणी, चिवडा आणून देण्यापुरत्याच खेळात होत्या. म्हणून जुन्या लग्नपत्रिका कापून मराठी बॉगल केलं. मात्रा-वेलांट्यांसकट अक्षरं लिहायला गेलात तर शेकडो चिठ्ठ्या होतील. त्या फंदात पडू नका. नुसती व्यंजनं लिहा, काना-मात्रा ज्याने त्याने मनाने लावाव्यात. र, क, त, ल, न, स, म, प यांच्या तीन-तीन चिठ्ठ्या, बाकीच्यांच्या एक-दोन, 'अ'ची चिठ्ठी सगळ्या स्वरांसाठी. ङ, ञ वगळा. ण आणि ळ यांनी शब्द सुरू होत नाही, पण पोटात आणि शेवटी ती सर्रास येतात, म्हणून दोन-दोन हवीतच. पिसून १६ मांडायच्या. क-प-ट दिसलं की कपट, कपटी, कपाट. जोडाक्षर म्हणजे शेजारची दोन अक्षरं: क-त-र मधून कात्री.

यात एक गंमत लक्षात आली. इंग्रजी फासे कसेही वळून पडतात. 'एम' की 'डब्ल्यू' हा घोळ टाळायला खाली रेघ मारावी लागते. आपल्याकडे वर शिरोरेषा असतेच.

दोन बंधनं मात्र घाला. दोनच चिठ्ठ्यांचे शब्द नकोत, नाहीतर म-ळ या दोनच चिठ्ठ्यांतून मळ, माळ, मूळ, मेळ, मळा, मुळा, माळी, मोळी अशी रांग लागते. आणि मूळ शब्दच धरा. 'कपाटात', 'कपाटाला' चालवलंत तर भांडणच. विशेषनामंही आम्ही बाद केली आहेत. सासूबाईंना ते अजून पटलेलं नाही. सातारा आणि नाशिक त्या दर वेळी लिहितात, आणि वाचून दाखवताना आवाज जरा चढवतात.