वकिली सोडायची, की फक्त जागा बदलायची?

वकिलीला विटलेला माणूस पहिल्यांदा पगाराचे आकडे शेजारी शेजारी मांडतो. तिथेच हिशेब चुकतो. लॉरेन्स क्रीगर आणि केनन शेल्डन यांनी अमेरिकेतल्या सहा हजारांहून जास्त वकिलांचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध केला. कामात स्वतःचं कितपत चालतं, याचा समाधानाशी घट्ट संबंध दिसला. उत्पन्नाचा आणि लॉ कॉलेजातल्या क्रमांकाचा अगदी सैल. तेव्हा मोठी फर्म, कंपनीचा विधी विभाग, सरकारी काम आणि स्वतंत्र वकिली यांत निवड करताना आधी विचारावं: माझा वेळ कोणाच्या हातात राहील?

मोठी फर्म

तासावर बिल लावणाऱ्या फर्ममध्ये दिवस बहुतेकदा सहा-सहा मिनिटांत कापलेला असतो. वर्षाला 2,000 बिलपात्र तासांचं, म्हणजे पक्षकाराला बिल लावता येईल अशा तासांचं, लक्ष्य ऐकायला माफक वाटतं. पण बैठका, प्रशिक्षण, ई-मेल, जेवण यांचं बिल लागत नाही. दहा तासांतले साडेसात बिलात गेले असं धरलं, तर 2,000 साठी सुमारे 2,670 तास बसावं लागतं. 48 आठवड्यांत वाटले तर आठवड्याला साधारण 56. आठवड्याचं टाइमशीट शुक्रवारी आठवून भरणाऱ्याचे तास गळतात, आणि तेवढं काम पुन्हा करावं लागतं. रोजचं रोज भरणं हा त्यातला सर्वांत स्वस्त उपाय.

त्याहून जास्त टोचते ती रचना. एका पार्टनरच्या, म्हणजे फर्मच्या भागीदाराच्या, हाताखाली अनेक ज्युनिअर आणि त्यांच्या तासांवर फर्मचा नफा, त्यामुळे पाच तासांचं काम तीन तासांत उरकणाऱ्याला शाबासकीऐवजी दोन तासांचा खड्डा मिळतो. ज्युनिअरला प्रकरणाचा एक तुकडाच दिसतो, पक्षकार भेटत नाही, मसुदा रात्री उशिरा दुरुस्त्यांसह परत येतो आणि सकाळी हवा असतो. जबाबदारी पुरेपूर, निर्णय शून्य. माणूस याच जोडीने खचतो. पार्टनर झालं की सुटलो, हा समजही तपासून घ्यावा: वर सांगितलेल्या अभ्यासात नवे पार्टनर वरिष्ठ असोसिएटपेक्षा (भागीदार नसलेल्या पगारी वकिलांपेक्षा) फारसे आनंदी निघाले नाहीत. फर्मच्या बाजूने एक मात्र खरं: मसुद्याची शिस्त इतक्या लवकर दुसरीकडे क्वचितच लागते.

कंपनीचा विधी विभाग

इथे सहसा टाइमशीट नाही, पक्षकार एकच. पण कंपनीच्या लेखी विभाग म्हणजे खर्च. करार सहीला आला की शेवटच्या दिवशी कागद पुढे येतात आणि हरकत घेणारा खोडा घालणारा ठरतो. शिडीही आखूड: वर एक खुर्ची, आणि ती वर्षानुवर्षं भरलेली. कोर्टाची सवय सुटते, ती परत लावणं दर वर्षी अवघड होतं. मुलाखतीत एवढं विचारा: विधी प्रमुख थेट कोणाला उत्तर देतो? विक्रीवाल्यांना देत असेल, तर तुमच्या सल्ल्याची किंमत कळलीच.

सरकारी आणि सार्वजनिक सेवा

पैसा कमी, फायलींचा ढीग मोठा. तरीही त्याच अभ्यासात हे वकील भरघोस कमाईच्या नोकऱ्यांतल्या वकिलांपेक्षा समाधानी आढळले आणि दारूही कमी पीत होते. पहिल्या काही वर्षांतच स्वतः उभं राहून युक्तिवाद करायला मिळतो, हे एक कारण असावं. मात्र फौजदारी किंवा बाल-अत्याचाराच्या प्रकरणांत रोज तेच पुरावे पाहून मनावर साचत जातं. बदली किंवा विभाग बदलण्याची सोय आहे का, हे रुजू होण्याआधी विचारावं.

स्वतंत्र वकिली

कागदावर ताबा सगळ्यात जास्त. प्रत्यक्षात कारकुनी, फी वसुली आणि पुकाऱ्याची वाट पाहण्यात दिवस जातो. बिघडतं कुठे? काम मिळेल की नाही या भीतीने आलेलं प्रत्येक प्रकरण घेतलं जातं. मग साहेबाच्या जागी पक्षकार बसतो, मध्यरात्री फोन करणारा. फीचा काही भाग आगाऊ, कामाची व्याप्ती लेखी, आणि रजेत तारीख सांभाळणारा एक सहकारी, या तीन गोष्टी जुळल्या नसतील तर फर्म सोडायची घाई नको.

खुर्ची बदलूनही जे बदलत नाही

काय काय बिघडू शकेल ते आधी दिसणं हे वकिलाचं कौशल्यच. व्हर्जिनियातल्या लॉ विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासात निराशावादी मुलांचे गुण आशावाद्यांपेक्षा सरस होते. हीच नजर घरी आली की सुट्टीसुद्धा संभाव्य दाव्यासारखी वाटते. दुसरं, दाव्यात एकाचं जिंकणं म्हणजे दुसऱ्याचं हरणं. हेच सलत असेल, तर त्याच क्षेत्रात मध्यस्थी किंवा करारांचं काम पाहावं. फर्म बदलून उपयोग नाही.

आणखी एक. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 12,825 अमेरिकी वकिलांच्या पाहणीत 28 टक्क्यांमध्ये नैराश्याची लक्षणं होती, आणि पाचांतल्या एकाचं मद्यपान धोक्याच्या पातळीवर होतं. तरुण आणि खासगी फर्ममधले यात पुढे. झोप उडाली असेल किंवा पेला वाढला असेल, तर आधी डॉक्टर, मग राजीनामा.

बाकीच्यांनी दोन आठवडे रोज तीन रकाने भरावेत: काम काय केलं, ते कोणी ठरवलं, आणि झाल्यावर कसं वाटलं. ‘कोणी ठरवलं’मध्ये सतत दुसऱ्याचंच नाव येत असेल, तर जागा बदला. स्वतःचं नाव असूनही तिसरा रकाना काळाच राहत असेल, तर वकिलीबाहेरच्या अर्जांना हात घाला.