गिटहबचा एपीआय आणि प्रोफाइलचा डॅशबोर्ड: आजचा आकडा चोख, कालचा आपणच जपायचा

सार्वजनिक प्रोफाइलची माहिती एपीआयमधून (प्रोग्रामला थेट माहिती मागता येते त्या मार्गाने) घेऊन डॅशबोर्ड उभारण्याचे काम गेल्या काही वर्षांत अवघड होत गेले आहे. ट्विटरने २०२३ मध्ये पूर्वीचा मोफत एपीआय बंद केला, रेडिटने त्याच वर्षीच्या जुलैपासून मोठ्या वापरासाठी शुल्क लावले आणि इन्स्टाग्रामचा बेसिक डिस्प्ले एपीआय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाला. या पडझडीत गिटहबचा (प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात त्या संकेतस्थळाचा) एपीआय अजून शाबूत आहे, मोफत आहे आणि त्यासाठी कुणाकडे अर्ज करून मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. एखाद्या गटातील प्रोग्रामरांचे सार्वजनिक काम एका पडद्यावर दाखवायचे असेल, तर इतका भरवशाचा दुसरा स्रोत मला माहीत नाही. मात्र तो काय देतो आणि काय देत नाही, हे आलेख रंगवायला घेण्याआधी समजून घेतलेले बरे.

सुरुवात अगदी सोपी आहे. एपीआयच्या पत्त्यात 'यूझर्स' आणि त्यापुढे सदस्याचे लॉगिन दिले की जेसन या मजकूररूपी स्वरूपात त्याचे नाव, परिचय, ठिकाण, कंपनी, फॉलोअर्स, सार्वजनिक रिपॉझिटरींची (एकेका प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यांची) संख्या आणि खाते उघडल्याची तारीख मिळते. टोकन (खात्याची ओळख पटवणारा गुप्त संकेत) नसेल तर एका आयपी पत्त्याला तासाला ६० रिक्वेस्ट करता येतात आणि टोकन जोडले की ५,०००. ही मर्यादा टोकनाला नसून सदस्याला आहे, त्यामुळे एकाच खात्यावर चार टोकन काढून काहीही साधत नाही. प्रत्येक रिस्पॉन्सच्या हेडरमध्ये किती रिक्वेस्ट उरल्या आणि मोजणी पुन्हा शून्यापासून कधी सुरू होणार, हे दोन्ही लिहिलेले असते, आणि हा हिशेब जागच्या जागी हाती पडत असल्यामुळे कोड लिहिणाऱ्याला अंदाजाने थांबून बसावे लागत नाही. त्याहून उपयोगी सोय ईटॅगची आहे: मागच्या वेळचा ईटॅग (उत्तराच्या त्या आवृत्तीची खूण) टोकनासह परत पाठवला आणि दरम्यान काहीही बदललेले नसले, तर ३०४, म्हणजे 'बदल नाही', हे उत्तर येते आणि ती रिक्वेस्ट तासाच्या कोट्यात धरली जात नाही. मोठ्या गटातील बहुतेकांची प्रोफाइल रोज बदलत नाहीत, हे लक्षात घेतले तर ही सवलत किती मोठी आहे ते कळते.

तरीही रेस्ट पद्धतीने, म्हणजे वरच्यासारखा एकेक पत्ता मागत, काम करताना कोटा कुठे संपतो, याचा हिशेब आधी मांडावा. समजा गटात २०० जण आहेत आणि प्रत्येकाच्या सरासरी ४० रिपॉझिटरी आहेत. प्रोफाइलसाठी २०० रिक्वेस्ट आणि रिपॉझिटरींच्या यादीसाठी साधारण तितक्याच लागतील (एका पानावर जास्तीत जास्त १०० नोंदी मिळतात, पण न सांगता ३०च येतात). प्रोग्रामिंग भाषांची माहिती मात्र प्रत्येक रिपॉझिटरीमागे वेगळी मागावी लागते, म्हणजे एकदम ८,००० रिक्वेस्ट. तासाचा कोटा इथेच संपला. हेच काम ग्राफक्यूएलमधून, म्हणजे हवी तेवढी माहिती एका प्रश्नात (क्वेरीत) मागण्याच्या गिटहबच्या दुसऱ्या पद्धतीने, केले तर एका व्यक्तीच्या ४० रिपॉझिटरी त्यांच्या भाषांसकट एकाच क्वेरीत येतात आणि तिची किंमत गिटहबच्या सूत्राप्रमाणे एक पॉइंट भरते, म्हणजे ताशी ५,००० पॉइंटांपैकी सगळ्या गटाला मिळून २००. ग्राफक्यूएल टोकनाशिवाय चालत नाही आणि त्याची क्वेरी लिहायला हात बसावा लागतो, पण डॅशबोर्डसाठी माझी पसंती निःसंशय त्यालाच आहे. रिक्वेस्ट एकदम समांतर सोडण्याचा मोह मात्र दोन्हीकडे टाळावा, कारण तासाच्या कोट्याखेरीज एक दुय्यम मर्यादाही आहे आणि एका वेळी १००हून अधिक रिक्वेस्ट चालू ठेवता येत नाहीत.

आता तक्रारीचा भाग, आणि ती आकड्यांच्या नावांबद्दल आहे. रेस्टच्या उत्तरात 'वॉचर्स काउंट' नावाचे फील्ड येते, आणि ते रिपॉझिटरीवर लक्ष ठेवणाऱ्यांची संख्या दाखवत असेल असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात त्यात स्टारची (पसंतीच्या खुणांची) संख्या असते आणि लक्ष ठेवणाऱ्यांचा खरा आकडा 'सबस्क्रायबर्स काउंट' या वेगळ्याच फील्डमध्ये बसलेला असतो. 'ओपन इश्यूज काउंट'मध्ये उघडे पुल रिक्वेस्टही (कोडमध्ये बदल सुचवणारे प्रस्ताव) मोजलेले असतात, त्यामुळे ज्या प्रकल्पात लोक उत्साहाने हातभार लावत आहेत तो डॅशबोर्डवर तक्रारींनी भरलेला दिसू शकतो. या दोन्ही गोष्टी जुन्या वापरकर्त्यांना ठाऊक आहेत आणि कागदपत्रांतही सापडतात, पण फील्डचे नाव वाचून थेट आलेखाला जोडणाऱ्याला त्यांचा पत्ता लागत नाही. भाषांचे आकडे बाइटमध्ये येतात, हेही ध्यानात ठेवावे: आउटपुट आणि चित्रांसह साठवलेल्या मोजक्या ज्युपिटर नोटबुक फाइली एखाद्याचा सगळा भाषा-आलेख गिळून टाकतात.

याहून खोल अडचण इतिहासाची आहे. डॅशबोर्ड पाहणाऱ्याला बहुधा आकडा नको असतो, चढउतार हवा असतो. एपीआय मात्र विजेच्या मीटरसारखे आजचे रीडिंग तेवढे दाखवतो. स्टार कधी दिला याची वेळ वेगळा मीडिया टाइप (उत्तराचे स्वरूप) मागितल्यास मिळते, त्यामुळे एखाद्या रिपॉझिटरीच्या स्टारचा आलेख मागे जाऊन काढता येतो. तोही आज टिकून असलेल्या स्टारचाच, काढून घेतलेल्यांचा नव्हे. फॉलोअर्सच्या बाबतीत तेवढीही सोय नाही: कोण अनुसरतो ते कळते, कधीपासून ते कळत नाही. सदस्याच्या घडामोडींची यादी ३०० नोंदींच्या पुढे जात नाही. रिपॉझिटरीला किती जणांनी भेट दिली हा आकडा तर फक्त शेवटच्या १४ दिवसांचा असतो आणि तोही तिथे लिहिण्याचा अधिकार असणाऱ्यालाच दिसतो. म्हणून पडद्याची रचना ठरवण्याच्या कितीतरी आधी, रोज ठरावीक वेळी चालणारा क्रॉन जॉब लावून प्रत्येक प्रोफाइलची तारखेनिशी नोंद आपल्या डेटाबेसमध्ये टाकायला सुरुवात करावी. जो दिवस नोंदवला नाही, त्याचा फॉलोअर्सचा आकडा नंतर कोणत्याही क्वेरीने मिळत नाही.

प्रोफाइलवरची, कोणत्या दिवशी किती काम झाले ते दाखवणारी हिरव्या चौकोनांची दिनदर्शिका हा एक सुखद अपवाद म्हणता येईल. ती ग्राफक्यूएलमधून दिवसवार मिळते. एका क्वेरीत एका वर्षाहून मोठा कालावधी मागता येत नाही, पण वर्षे बदलत मागे जाता येते. त्या चौकोनांत काय धरले जाते, हे मात्र डॅशबोर्डवरच लिहून ठेवावे असा माझा आग्रह आहे. कमिट (कोडमधील बदलाची एक नोंद) खात्याशी जोडलेल्या ईमेलवरून झालेले असेल, ते फोर्कमध्ये (दुसऱ्या रिपॉझिटरीच्या प्रतीत) नसेल आणि मुख्य शाखेत किंवा संकेतस्थळासाठीच्या 'जीएच-पेजेस' शाखेत पोहोचलेले असेल, तरच ते मोजले जाते. खासगी काम सदस्याने दाखवायचे ठरवले तरच दिसते, नाहीतर कामात बुडालेला माणूसही रिकामा दिसतो. हा आकडा माणसांची क्रमवारी लावायला वापरणे मला तरी गैर वाटते.

डेटाबेसची मुख्य किल्ली लॉगिन नसावी, हे एका वाक्यात सांगण्याजोगे असले तरी महत्त्वाचे आहे: लॉगिन बदलता येते आणि सोडलेले लॉगिन दुसरा कुणी घेऊ शकतो, तेव्हा संख्येतला आयडी हीच टिकाऊ ओळख आहे. ठिकाणाचे फील्ड मोकळ्या मजकुराचे असल्यामुळे त्यावरून नकाशा काढण्याच्या फंदात पडू नये.

गोळा केलेली माहिती कशासाठी वापरता येईल, यावर गिटहबच्या धोरणात स्पष्ट अट आहे: एपीआयमधून घेतलेली असली तरी ती नको असलेले ईमेल पाठवण्यासाठी वापरता येत नाही, आणि भरती करणाऱ्यांना किंवा नोकरीच्या संकेतस्थळांना वैयक्तिक माहिती विकताही येत नाही. प्रोफाइलवर ईमेल लपवलेले असले तरी कमिटच्या नोंदीत लेखकाचा पत्ता अनेकदा तसाच येतो, त्यामुळे ही अट कागदावरची राहत नाही. कमिटची माहिती साठवणाऱ्या टेबलमध्ये ईमेलचा स्तंभ मुळातच ठेवू नये, आणि खाते बंद झाल्याचे आढळले की त्या आयडीच्या जुन्या नोंदीही पुसणारी एक पायरी रोजच्या जॉबमध्ये घालावी.