३० पट म्हणून घेतलं, १० पट निघालं

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आहे की नुसती धूळ, हे चष्म्यातून कळेना, म्हणून हे घडीचं भिंग मागवलं. २८० रुपये. डबीवर ‘३० पट’ लिहिलंय, ते साफ खोटं. उन्हात धरून कागदावर ठिपका पाडला, पट्टीनं भिंगापासून कागदापर्यंतचं अंतर मोजलं तर अडीच सेंटिमीटर भरलं. नुसत्या डोळ्याला जवळचं नीट दिसायचं अंतर पंचवीस सेंटिमीटर धरतात; त्या पंचविसाला अडीचनं भागा, दहाच पट येते. परत पाठवणारच होते.

पण हातात होतंच, म्हणून गच्चीतला निळा चित्रक बघितला. याची फुलं आम्ही लहानपणी कानाच्या पाळीला चिकटवून डूल म्हणून मिरवायचो. ती चिकटतात कशानं, हे साठी उलटेपर्यंत डोक्यात आलं नव्हतं. पाकळ्यांखालच्या हिरव्या नळीवर टाचणीसारखे केस आहेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर डिंकाचा थेंब! त्यात एक बारीक काळी मुंगी अडकलेली. एक पाय सोडवला की दुसरा रुततोय. आतला मध लांब सोंडेच्या फुलपाखरांसाठी. मुंगी खालून चढून पिऊन जाणार, परागाचं काम मात्र शून्य. म्हणून वाटेतच चिकटा.

शेजारच्या पिवळ्या टेकोमाकडे असला बंदोबस्त नाही. काळा भुंगा समोरून जातच नाही, बुडाशी बसून नळीला चीर पाडतो. खाली पडलेली आठ फुलं उचलली, पाचांना चीर होती, कडा तपकिरी पडलेल्या. समोरच्या बंगल्यातल्या थनबर्जियाच्या वेलीनं तर मुंग्यांनाच राखणीला ठेवलंय. फुलाच्या बाहेरच्या अंगाला गोड रस पाझरतो, मुंग्या तिथेच घुटमळतात. इथे चोर, तिथे गुरखा!

वापरायचं कसं, हे डबीत कुठेच नाही. भिंग डोळ्याला भिडवायचं आणि फूल जवळ आणायचं, उलटं नाही. मी दोन दिवस उलटंच करत होते. काच स्वच्छ आहे, कडेला थोडं निळं-पिवळं दिसतं, चालतं. भिंगाला जोडलेला दिवा पाचव्या दिवशी गेला. बिजागरीचा स्क्रू ढिला आहे, नखानं आवळावा लागतो. विकणाऱ्याला दोनदा लिहिलं, उत्तर नाही.

तीन तारे. दोन कापले ते त्या ‘३०’साठी आणि दिव्यासाठी. परत मात्र पाठवलं नाही.

आणि हो, जास्वंदीवर ढेकूणच होते.