टिर्झेपाटाइडचे नऊ महिने: वजन उतरलं, ताकद मात्र कमवावी लागली

मे 2025 च्या पहिल्या आठवड्यात वजन उतरवण्यासाठी टिर्झेपाटाइड या औषधाची पहिली सुई घेतली, आता फेब्रुवारी उजाडलाय. वय 47, उंची 158 सेंटीमीटर, तेव्हाचं वजन 84 किलो, आजचं 69. आकडा वाचून ओळखीच्या बायका औषधाचं नाव विचारतात, पण सप्टेंबरमध्ये माझं काय झालं ते कुणी विचारत नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी औषधाबद्दल. टिर्झेपाटाइड हे पेप्टाइड, म्हणजे 39 अमिनो आम्लांची साखळी. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-1 आणि जीआयपी ही संप्रेरकं सुटतात, त्या दोघांचं काम ते एकटं करतं. भूक मंदावते, जठर सावकाश रिकामं होतं. गोळी करून गिळलं तर वरणातल्या प्रथिनांसारखं पचून जाईल, म्हणून आठवड्यातून एकदा पोटाच्या कातडीखाली सुई. मार्च 2025 मध्ये ते भारतात आलं तेव्हा 2.5 मिलिग्रॅमच्या कुपीला 3,500 आणि 5 मिलिग्रॅमच्या कुपीला 4,375 रुपये पडत. महिन्याला चार कुप्या. आमच्या घरात हा खर्च सहज निघणारा नव्हता, दोघांनी बसून हिशेब केला तेव्हा कुठे हो म्हटलं.

पहिले चार आठवडे 2.5, मग 5, पुढे 7.5. डोस वाढला की दोन-तीन दिवस मळमळ आणि करपट ढेकर. बद्धकोष्ठ मात्र कायमचं, रात्री इसबगोल घेतल्याशिवाय चालत नाही. हे सगळं सोसण्यासारखं होतं. खरी गोष्ट अशी की डोक्यात सतत चालणारा खाण्याचा विचार थांबला. चार वाजता ऑफिसात वडा आला तरी हात पुढे जात नव्हता. वीस वर्षांत पहिल्यांदा मला मोकळं वाटलं आणि त्या मोकळेपणासाठी मी या औषधाची ऋणी आहे.

पण भूक नाही म्हणून मी जेवतच नव्हते. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी अर्धी भाकरी आणि दोन चमचे भाजी, रात्री पेज. वजन उतरतंय या आनंदात कुणाला काही वावगं वाटलं नाही. जिथे औषध सुरू केलं त्या क्लिनिकमध्ये दर वेळी वजन आणि साखर बघत, पण काय खाता हे एकदाही विचारलं नाही. त्याचा राग मला अजून आहे.

गौरीपूजनाच्या दिवशी ठाण्यात नौपाड्याला माहेरी पाटावर बसले होते. आरतीला उठायचं तर उठताच येईना. उजवा हात जमिनीला टेकला, डावा वहिनीच्या खांद्यावर ठेवला, तेव्हा उभी राहिले. मांड्या थरथरत होत्या. 84 किलोची असताना मी त्याच पाटावरून आधाराशिवाय उठायचे.

दुसऱ्या आठवड्यात फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेले. त्यांनी हाताची पकड मोजली: 16 किलो. आशियाई तज्ज्ञांच्या 2019 च्या निकषात बायकांसाठी 18 च्या खाली म्हणजे कमी ताकद. खुर्चीवरून पाच वेळा उठबस करायला मला 14 सेकंद लागले, तिथे 12 ची मर्यादा आहे. तोवर साडेआठ किलो उतरले होते आणि शरीराची घडण मोजणाऱ्या यंत्रानुसार त्यातले जवळपास तीन किलो चरबीचे नव्हतेच. अंगातल्या पाण्यामुळे ते यंत्र थोडं इकडेतिकडे दाखवतं, पण मांड्यांनी मला खरं काय ते आधीच सांगितलं होतं. या औषधाच्या मोठ्या चाचणीतही उतरलेल्या वजनापैकी सुमारे पाव भाग चरबीशिवायचा निघाला होता. कुठल्याही मार्गाने झपाट्याने वजन उतरलं की असं होतं. माझ्या उपासमारीने त्यात भर घातली.

आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसाला 80 ग्रॅम प्रथिनं ठरवून दिली. माझ्या वहीतल्या जुन्या नोंदी जमवल्या तर कसेबसे 30 भरत होते. चार घासांत पोट भरणाऱ्या माणसाने 80 ग्रॅम आणायचे कुठून? उत्तर साधं निघालं: ताटात आधी प्रथिनं खायची, भाकरी शेवटी, राहिली तर राहिली. सकाळी दोन अंडी आणि पेलाभर दूध, साधारण 19 ग्रॅम. सोमवारी आणि चतुर्थीला मुगाचं धिरडं, त्यात 50 ग्रॅम पनीर किसून. दुपारी उसळ आणि वाटीभर चक्का. पाणी निथळल्यामुळे दह्यापेक्षा कमी घासांत जास्त प्रथिनं पोटात जातात. रात्री बांगडा, नाहीतर सोयाच्या वड्या. कमी पडेल तेव्हा ताकात व्हे पावडर, म्हणजे दुधातल्या प्रथिनांची भुकटी. मूग-चवळी जांभळी नाक्यावरून महिन्याची एकदम आणते. सुईच्या दुसऱ्या दिवशी घशाखाली काहीच जात नाही, त्या दिवशी मुगाचं कढण घोट घोट पिते.

आणि वजनं. मसुंदा तलावाला रोज तीन फेऱ्या मी आधीपासून मारत होते, पण चालण्याने स्नायू टिकले नाहीत. आठवड्यातून दोनदा डंबेल धरून उठाबशा, पाठीसाठी पट्टा ओढणं, जिन्याच्या पायरीवर चढउतार. सुरुवात दोन किलोंच्या डंबेलने, आता आठ.

व्यायामशाळेत दोन सल्ले मिळाले, ते सांगायलाच हवेत. एक, कोलॅजन पेप्टाइडची पावडर. कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल नसतं आणि ल्युसिन हे दुसरं कमी असतं, स्नायूंसाठी त्यापेक्षा दूध-अंडं कितीतरी बरं. दुसरा सल्ला धोक्याचा: ‘संशोधनासाठी’ असं लिहिलेली बीपीसी-157 या पेप्टाइडची कुपी. माणसांच्या उपचारासाठी त्याला मान्यता नाही, खेळाडूंना 2022 पासून त्यावर बंदी आहे. टिर्झेपाटाइडही पेप्टाइड आणि हेही पेप्टाइड, म्हणून दोन्ही सारखी, असं मानणाऱ्या तरुण मुलांची मला फार काळजी वाटते. आत काय भरलंय हे न तपासलेली कुपी अंगात टोचून घेऊ नका रे.

जानेवारीअखेर पकड 21 किलो, पाच उठाबशा 10 सेकंदांत. गणपतीनंतर आणखी साडेसहा किलो उतरले, त्यात बिनचरबीचा एकच. ठाणे स्टेशनचा पूल पिशव्या घेऊन न थांबता चढते. केस मात्र ऑक्टोबरपासून मूठमूठ गेले, आता जरा थांबलेत.

घ्यावं का? लठ्ठपणा किंवा मधुमेह असेल, डॉक्टर सोबत असतील, तर मी हो म्हणेन. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल किंवा घरात थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल तर आधी तसं सांगा. थोडं थुलथुलीत पोट आणि तोंडावर लग्न, एवढ्यासाठी घेऊ नका. औषध बंद केल्यावर वजन चढतं, हेही धरून चाला: 2023 च्या एका चाचणीत 36 आठवड्यांनी ज्यांचं औषध काढून नुसती दिखाऊ सुई दिली, त्यांचं पुढच्या वर्षभरात सरासरी 14 टक्के वाढलं. वजन परत येतं, गेलेले स्नायू आपोआप येत नाहीत.

मार्चमध्ये नव्या डॉक्टरीणबाईंशी डोस कमी करण्याबद्दल बोलायचं आहे. त्याच दिवशी पकड मोजायची वेळही घेऊन ठेवली आहे.