आवाज नेमका कुठे अडला ते दाखवणारे ‘क्यूपीडब्ल्यूग्राफ’

एचडीएमआय केबलने नवा मॉनिटर जोडला आणि माझ्या लिनक्स संगणकाचे स्पीकर मुके झाले. गाणे सुरू होते, आवाजाची पट्टी पूर्ण वर होती, तिच्याखालचा दर्शक लयीत हलतही होता, पण कानावर काहीच पडत नव्हते. केबल बदलणे, ड्रायव्हर पुन्हा बसवणे, संगणक बंद करून सुरू करणे यांत दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी ‘क्यूपीडब्ल्यूग्राफ’ उघडले आणि कारण मिनिटभरात डोळ्यांसमोर आले.

रुई नुनो कापेला यांनी लिहिलेले हे मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर ‘पाइपवायर’ या ध्वनियंत्रणेचा नकाशा दाखवते. विम टायमन्स यांनी सुरू केलेली पाइपवायर २०२१ साली फेडोरा ३४ या लिनक्स वितरणात मूळ ध्वनियंत्रणा म्हणून आली आणि आज बहुतेक प्रमुख लिनक्स वितरणांत ती आधीपासूनच असते. पल्सऑडिओ आणि जॅक या आधीच्या ध्वनियंत्रणांसाठी लिहिलेली, अशी दोन्ही प्रकारची सॉफ्टवेअर ती सांभाळते, त्यामुळे ब्राउझर, रेकॉर्डर, मायक्रोफोन आणि साउंड कार्ड हे सगळे एकाच चित्रात दिसतात. प्रत्येकाची एक चौकट असते, तिच्या कडेला पोर्ट असतात आणि एका पोर्टवरून दुसऱ्यापर्यंत माउसने ओढलेली रेघ म्हणजे आवाजाची वायर.

माझ्या नकाशात ब्राउझरच्या दोन्ही वायरी थेट मॉनिटरच्या एचडीएमआय चौकटीत गेलेल्या होत्या आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते. वायरी काढून साउंड कार्डाच्या ‘प्लेबॅक एफएल’ आणि ‘प्लेबॅक एफआर’ या डाव्या-उजव्या पोर्टांना जोडल्या आणि त्याच क्षणी गाणे ऐकू आले. अर्थात, हाताने केलेली ही जोडणी त्या गाण्यापुरतीच होती. ब्राउझर पुन्हा उघडला की तो मूळ ठरलेल्या उपकरणाकडेच जाणार. म्हणून ‘पाव्हूकंट्रोल’ या आवाज-नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन एचडीएमआयचे प्रोफाइल बंद केले आणि साउंड कार्ड कायमचे मुख्य उपकरण म्हणून निवडले. निदान एका सॉफ्टवेअरने केले आणि पक्का उपाय दुसऱ्याने.

या सॉफ्टवेअरची खरी किंमत मला कळली ती पुढच्या खेपेला, जेव्हा नकाशात सगळे बरोबर असूनही स्पीकर गप्प होते. वायर साउंड कार्डापर्यंत नीट पोहोचलेली दिसत असेल, तर दोष तिच्यापलीकडे, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मिक्सरमध्ये, स्पीकरमध्ये किंवा त्याच्या केबलमध्ये शोधायचा, हे तेवढ्यावरून ठरते. टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ हे कार्डाच्या मिक्सरच्या पट्ट्या दाखवणारे साधन उघडून एफ६ कळीने कार्ड निवडले, तर ‘ऑटो-म्यूट मोड’ चालू होता. पुढच्या जॅकमध्ये हेडफोन खोचलेला असला की हा पर्याय मागचे स्पीकर आपोआप बंद करतो. तो बंद केला आणि काम झाले. एखाद्या पट्टीखाली ‘एमएम’ दिसत असेल तर ती म्यूट आहे, एम कळ दाबून ती उघडावी. हे काहीच क्यूपीडब्ल्यूग्राफ दाखवत नाही: आवाजाची पातळी नाही, म्यूटची खूण नाही. ही उणीव मला खटकते, कारण अखंड वायर पाहून नवा माणूस सगळे सुरळीत आहे असेच समजेल.

रेकॉर्डिंगसाठी मात्र याला तोड नाही. ब्राउझरच्या एकाच पोर्टवरून एक वायर स्पीकरला आणि दुसरी रेकॉर्डरला देता येते आणि शेजारी मायक्रोफोनची वायर जोडली की दोन्ही आवाज आपोआप मिसळतात. माझ्या एकपदरी यूएसबी मायक्रोफोनचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये फक्त डाव्या कानात येत असे; ‘कॅप्चर मोनो’ पोर्टवरून उजव्या पोर्टाला आणखी एक रेघ ओढली आणि तो दोन्ही कानांत येऊ लागला. रेकॉर्डरचे आउटपुट फिरून त्याच्याच इनपुटला जोडले जाणार नाही एवढी काळजी मात्र घ्यावी, नाहीतर आवाज स्वतःवरच वाढत जाऊन कर्कश शिट्टी वाजते.

अशी मांडणी ‘पॅचबे’ म्हणून फाइलमध्ये जतन करता येते आणि पॅचबे सक्रिय ठेवला की ती ती सॉफ्टवेअर उघडताच जोडण्या परत येतात. त्याच मेनूतला ‘एक्सक्लुझिव्ह’ हा पर्याय नवख्याने जपून वापरावा. तो चालू असताना फाइलमध्ये नसलेली प्रत्येक जोडणी तोडली जाते, आणि नवे सॉफ्टवेअर उघडले की त्याचा आवाज का येत नाही, या शोधात माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर येतो.

केवळ हेडफोन आणि स्पीकर यांत अदलाबदल करायची असेल, तर पाव्हूकंट्रोल पुरेसे आहे. ज्यांच्याकडे दोनपेक्षा जास्त ध्वनी उपकरणे आहेत किंवा जे घरी रेकॉर्डिंग करतात, त्यांनी क्यूपीडब्ल्यूग्राफ आधी बसवावे आणि ड्रायव्हरला हात नंतर लावावा.