हेड खोलायच्या आधी तपासणारा मिस्त्री (अक्कलकोट रोड, सोलापूर)

आमची वॅगन आर 2007 ची, एमएच 13, जुनं 1061 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. अप्पांनी घेतली, आता मी चालवते. 2022 ला आरटीओत पाच हजार भरून पाच वर्षांचं पासिंग वाढवून घेतलंय, तेव्हा 2027 पर्यंत तरी तिला सोडायचं नाही असं घरात ठरलेलं.

मे महिन्यात पुण्याहून येताना मोहोळच्या अलीकडे तापमानाचा काटा एकदम एचला टेकला. गाडी बाजूला घेतली आणि पाऊण तास रेडिएटरच्या टोपणाला हात लावला नाही. (तापलेलं टोपण उघडून हात भाजून घेतलेली व्यक्ती आमच्या घरात आहे, नाव सांगत नाही.) ढाब्यावर एक ट्रकवाले काका म्हणाले, "ताई, पाण्यात दोन चमचे हळद टाका, लीक बंद होतंय." टाकली. सोलापूर गाठलं एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने इंजिन ऑइलचं टोपण काढलं. आतून दुधाळ साय धरली होती, चहावर येते तशी. ती बोटावर घेऊन मला दाखवली आणि निकाल दिला, "हेड गॅस्केट गेलंय मॅडम. अठ्ठावीस हजार. साहेबांशी बोलून घ्या." (हेड म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, आणि गॅस्केट म्हणजे ते आणि खालचं इंजिन यांच्यामधली पातळ सीलपट्टी. ती गेली की पाणी आत शिरतं.) साहेब म्हणजे माझे मिस्टर. त्यांना बोनेट कुठून उघडतं ते अजून माहीत नाही. त्याच आठवड्यात जुन्या गाड्या घेणारा एक जण पंचेचाळीस हजार देतो म्हणाला होता, म्हणून मन जरा डळमळलंही.

मग आमच्या कॉलेजच्या लॅब असिस्टंटने हा पत्ता दिला. अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडे, आत गल्लीत. पाटी नाही. लिंबाचं झाड आणि त्याखाली कायम चार-पाच जुन्या मारुत्या, हीच खूण. मिस्त्री पोराशी तेलुगूत बोलतात, आपल्याशी मराठीत.

बोनेटला हात लावायच्या आधी त्यांनी प्रश्न विचारले. पाणी किती दिवसांत कमी होतं? सकाळी पहिल्या स्टार्टला गाडी थरथरते का? मागून पांढरा धूर येतो का, किती वेळ? ती साय बघितली, मग डिपस्टिक काढून फडक्यावर पुसली. ऑइल स्वच्छ. "बाई, कॉलेजला रोज किती लांब जाता?" तीन किलोमीटर. "मग इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतंय. आतली वाफ टोपणाला धरते. एवढ्यावरनं हेड खोलत नसतात." शिवाय थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, जागेवर नव्हताच. पूर्वी कुणीतरी 'सोलापूरच्या उन्हात कशाला पाहिजे' म्हणून काढून टाकलेला. म्हणजे जवळच्या फेऱ्यांत इंजिन तापायला आणखी उशीर.

संध्याकाळी थंड इंजिनवर रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावला आणि टोपणावर जेवढा लिहिलेला असतो तेवढाच, 0.9 बारचा दाब भरला. काटा हळूहळू उतरायला लागला. पाईप, पंप, रेडिएटर, खाली जमीन, सगळं कोरडं. "बाहेर गळत नाही, म्हणजे आत चाललंय." दाब तसाच ठेवून गाडी रात्रभर तिथेच. सकाळी चारही प्लग काढले. तिसरा ओला, आणि बाकीच्यांवर काजळी असताना हा एकटाच घासून धुतल्यासारखा पांढरा.

यानंतरचं मला फार आवडलं. रेडिएटरमधलं पाणी दोन बोटं खाली घेऊन त्यांनी तोंडावर एक काचेची नळी बसवली, तिच्यात निळं पाणी. गाडी चालू ठेवून रबरी फुगा दाबत रेडिएटरमधली हवा त्या निळ्यातून खेचायला लागले. मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. ते ब्रोमोथायमॉल ब्लू आहे हे मला पहिल्या नजरेत कळलं. कार्बन डायऑक्साइड विरघळला की आम्ल तयार होतं आणि निळा रंग आधी हिरवा, मग पिवळा होतो. प्रॅक्टिकलला पोरं स्ट्रॉने फुंकून हेच करतात. इथे फुंकणारं होतं तिसरं सिलिंडर. दोन मिनिटांत पिवळं. शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर किती दाब धरतं ते: बाकी तिघांचं 165 पीएसआयच्या आसपास, तिसऱ्याचं 120.

थोडक्यात, पहिल्या गॅरेजचा निकाल बरोबरच होता. पण तो सायीवरून दिलेला होता. इथे मला कुठलं सिलिंडर ते कळलं, आणि खालचं इंजिन उतरवायची गरज नाही हेही कळलं.

हेड निघाल्यावर मिस्त्रींनी फोन करून बोलावून घेतलं. हेडवर पोलादी पट्टी आडवी ठेवली, खालून फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायचं, पातं सरकवून दाखवलं. 0.05 मिलिमीटरपर्यंत चालतं, आमचं 0.12 वाकलेलं. नुसतं नवं गॅस्केट घालून बसवलं असतं तर काही महिन्यांत पुन्हा तेच. हेड लेथवर फेसिंगला, म्हणजे सपाट करायला, गेलं, तिथेच तडा आहे का तेही तपासून आलं.

आणि मग त्यांनी बोट दाखवलं पाण्याच्या वाटांकडे. पांढरा चुना, किटलीत बसतो तसा, आणि रेडिएटरमध्ये वर हळदीचा पिवळा लगदा. "पाणी कुठलं घालता?" आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, त्यामुळे गाडीला कायम बोअरचंच. कठीण पाणी उकळलं की कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. मिस्त्रींना काही बोलले नाही.

आता कुरकुर. चार दिवस सांगून नऊ दिवस लावले. लेथवाल्याकडे गर्दी, मग गॅस्केट पुण्याहून यायचं, मग लग्न. रोज रिक्षाने कॉलेज. ड्रायव्हरच्या सीटवर ग्रीसचा पंजा उमटलाय, तो अजून गेला नाही. बिल वहीच्या पानावर. एकूण 13,000, त्यात मजुरी 4,500 आणि लेथचं काम 1,300. टायमिंग बेल्ट नाहीतरी काढावाच लागतो म्हणून तो, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, रेडिएटरचं टोपण, ऑइल-फिल्टर आणि कूलंट यात आलं. जुने पार्ट न मागता पिशवीत घालून दिले. बोल्ट टॉर्क रेंचने, मधून बाहेर, तीन फेऱ्यांत आवळताना मी स्वतः बघितलं.

आता चार महिने झाले. तुळजापूरचा घाट एसी लावून दोनदा केला, काटा निम्म्याच्या वर सरकला नाही. बाटलीतलं कूलंट मार्करच्या रेघेवर आहे. वरून भरायला डिकीत डिस्टिल्ड वॉटरचा कॅन ठेवलाय.

जाणार असाल तर गाडी आदल्या संध्याकाळीच लावून या. ताज्या तापलेल्या इंजिनला ते हातच लावत नाहीत, उगाच हेलपाटा होतो. दुपारी बारापर्यंत फोन उचलत नाहीत.