एज ऑफ एम्पायर्स २: दगडी भिंत की कॅसल?

या कॉम्प्युटर गेममध्ये दगड कमी असले की हा प्रश्न येतोच. हिशोब बघा, एक कॅसल (किल्ला) ६५० दगड, भिंतीचा एक तुकडा ५, म्हणजे कॅसलच्या किमतीत १३० तुकडे, ब्लॅक फॉरेस्टसारख्या दाट जंगलाच्या मॅपवर दोनचार वाटा बुजवून वर दगड उरतात. पण भिंत नुसती उभी राहते, मारत कोणाला नाही. मी एकदा सगळं बंद करून निवांत शेती करत बसलो, कोपऱ्यातलं एक झाड माझ्याच गावकऱ्याने तोडलं आणि त्याच फटीतून घोडेस्वार आत, लाकूडतोडे साफ!! आता झाडांमागे एक जास्तीची रांग टाकतोच.

कॅसल महाग खरा, पण बाण मारतो, आत २० जण लपतात, लोकसंख्येची जागा पण २० ने वाढते आणि खास सैनिक तिथेच बनतात, सोन्याच्या खाणीला चिकटून टाकला की समोरचा दहादा विचार करतो. फक्त ट्रेबुशे (लांबून दगड फेकणारी यंत्रं) आले की कॅसल गप्प, त्यांची रेंज १६ आणि याची अपग्रेडशिवाय ८, मग घोडे बाहेर काढावेच लागतात. अरेबिया या मोकळ्या मॅपवर मी तर आधी लाकडी कुंपण, मग थेट कॅसल, दगडी भिंतीच्या नादी लागत नाही.